कोण कोणास म्हणाले? : कृतिसंशोधनाच्या अहवालात संदर्भ एपीए पद्धतीने कसे लिहावेत



मराठीच्या पेपरात एक प्रश्न ठरलेला असतो. 'कोण कोणास म्हणाले ते लिहा.' दोन गुणांचा. वाक्य दिलेलं असतं, ते कुणाच्या तोंडचं आहे हे मुलानं ओळखायचं. मुलानं नुसतं वाक्य परत उतरवलं तर आपण शून्य देतो.

मागच्या वर्षी मलाही असाच शून्य मिळाला. तिसरीच्या वर्गात हातच्याच्या वजाबाकीवर मी कृतिसंशोधन केलं होतं. अहवाल मनापासून लिहिला आणि एका शैक्षणिक नियतकालिकाकडे पाठवला. महिन्याभरात तो परत आला, तीन शेरे घेऊन. पहिला : "पान ३ वर 'तज्ज्ञांच्या मते' असे आहे. कोणत्या तज्ज्ञांच्या?" दुसरा : "संदर्भ एपीए सातव्या आवृत्तीनुसार द्यावेत." तिसरा : "पान ६ वरील पद्धत संशोधकाची स्वतःची आहे का?"

पहिल्या दोन शेऱ्यांनी माझी झोप उडवली, कारण एपीए म्हणजे काय हेच मला धड माहीत नव्हतं. तिसऱ्या शेऱ्याकडे तेव्हा फारसं लक्ष गेलं नाही. खरं तर तोच सगळ्यात महत्त्वाचा होता. त्याच्याकडे शेवटी येते.

डी.एड.ला आपण पाठ टाचणं शिकलो, पण संदर्भ कसे लिहावेत हे बहुतेकांना कुणी शिकवलेलं नाही. आता कृतिसंशोधन, नवोपक्रमाचे अहवाल, नोकरी करता करता केलेलं बी.एड. किंवा एम.ए., सगळीकडे ते लागतं. म्हणून मी जे धडपडत शिकले ते इथे क्रमाने मांडते.

संदर्भ आपण रोजच लिहितो

घाबरू नका. तुमच्या शाळेतलं कोणतंही कार्यालयीन पत्र काढा. वर 'विषय' असतो आणि त्याखाली 'संदर्भ' : १) अमुक शासन निर्णय, दिनांक अमुक. २) तमुक कार्यालयाचं पत्र, जावक क्रमांक तमुक. मग मजकुरात येतं, "उपरोक्त संदर्भ क्र. २ अन्वये कळविण्यात येते की..."

हीसुद्धा संदर्भपद्धतीच आहे, क्रमांकाची. मजकुरात आकडा आणि यादीत त्या आकड्यापुढे पूर्ण तपशील. वैद्यकीय आणि तांत्रिक विषयांतल्या अनेक नियतकालिकांत अशीच आकड्यांची पद्धत चालते.

एपीएमध्ये आकड्याच्या जागी लेखकाचं आडनाव आणि वर्ष येतं. बस्स, मूळ फरक एवढाच. वाचणाऱ्याला यादी न उघडताही कळतं की हे म्हणणं कुणाचं आणि किती जुनं आहे. शिक्षणशास्त्रात ते महत्त्वाचं असतं. वाचनाबद्दल १९६४ साली कुणी काही म्हटलं असेल आणि २०२० साली दुसऱ्या कुणी, तर दोन्हीचं वजन सारखं धरून चालत नाही.

ही पद्धत आली कुठून?

कंसात लेखक आणि वर्ष देण्याची रीत जुनी आहे. १८८१ साली हार्वर्डमधले प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांनी बागेतल्या बिनशंखाच्या गोगलगायीवर निबंध लिहिला. त्यात त्यांनी अशा प्रकारे कंसात संदर्भ दिले. लेखक-वर्ष पद्धतीचा हा सुरुवातीचा नमुना मानतात, आणि अशा पद्धतीला 'हार्वर्ड पद्धत' असं नावही पडलं.

एपीए म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन, अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांची संघटना. १९२९ साली 'सायकॉलॉजिकल बुलेटिन' या नियतकालिकात लेखनाच्या मांडणीबद्दल सात पानांचा एक लेख आला. त्यातून पुढे पुस्तक झालं आणि त्याच्या आवृत्त्या निघत गेल्या. आज चालते ती सातवी आवृत्ती २०१९ च्या ऑक्टोबरात आली. मानसशास्त्राबरोबर शिक्षणशास्त्रानेही ही पद्धत उचलली, म्हणून ती आपल्या वाट्याला आली. भाषा-साहित्याच्या निबंधांना बऱ्याचदा एमएलए पद्धत मागतात, इतिहासाला शिकागो. आपल्याला कोणती हवी हे आधी विचारून घ्यावं.

एक गोष्ट लक्षात ठेवा. एपीएचं पुस्तक इंग्रजी लेखनासाठी आहे. मराठी अहवालात आपण त्याचा सांगाडा घेतो आणि मराठीला जपून बसवतो. त्यामुळे तुमच्या विद्यापीठाची किंवा नियतकालिकाची स्वतःची सूचनापत्रिका असेल तर शब्द तिचाच शेवटचा.

मजकुरातला संदर्भ

दुसऱ्याचं म्हणणं आपण तीन प्रकारे घेतो.

१) आपल्या शब्दांत. इथे कंसात आडनाव आणि वर्ष. उदाहरणार्थ, जॉन होल्ट यांचं 'हाऊ चिल्ड्रन फेल' हे पुस्तक १९६४ चं. त्यातला विचार घेऊन मी लिहिलं : चुकण्याची भीती बसलेलं मूल विचार करण्यापेक्षा शिक्षकांना हवं असलेलं उत्तर ओळखण्यात शक्ती घालवतं (होल्ट, १९६४). नाव वाक्यातच आलं तर कंसात फक्त वर्ष : होल्ट (१९६४) यांच्या मते चुकण्याची भीती बसलेलं मूल... दोन्ही चालतं.

इथेच आपली सगळ्यात मोठी चूक होते. आपल्याला वाटतं, शब्द बदलले म्हणजे झालं, आता संदर्भाची गरज नाही. तसं नाही. शब्द आपले असले तरी विचार त्यांचा आहे. शेजारणीकडून आणलेल्या विरजणाचं दही आपल्या पातेल्यात लागलं, तरी विरजण तिचंच ना?

२) जसंच्या तसं, छोटं अवतरण. ४० शब्दांपेक्षा कमी असेल तर अवतरणचिन्हांत, मजकुराच्या ओघातच. आता कंसात पानाचा क्रमांकही हवा : (आडनाव, वर्ष, पृ. १२).

३) जसंच्या तसं, मोठं अवतरण. ४० किंवा त्याहून जास्त शब्द असतील तर नवीन ओळीवर, डावीकडून अर्धा इंच आत सरकवून वेगळा परिच्छेद करायचा. याला अवतरणचिन्हं लावायची नाहीत. आत सरकलेला परिच्छेदच सांगतो की हे उसनं आहे. पानाचा क्रमांक इथेही हवा.

लेखक दोन असतील तर दरवेळी दोघांची आडनावं. तीन किंवा जास्त असतील तर पहिल्याचं आडनाव आणि 'व इतर', तेही पहिल्या उल्लेखापासूनच. सहाव्या आवृत्तीपर्यंत तीन ते पाच लेखक असले तर पहिल्या वेळी सगळी नावं द्यावी लागत. जुनी मार्गदर्शक पुस्तकं वापरत असाल तर इथे फसाल.

संदर्भसूची : चार प्रश्नांची उत्तरं

अहवालाच्या शेवटी, नव्या पानावर संदर्भसूची येते. मी ती पाठ करायचा प्रयत्न केला तेव्हा डोकं भणभणलं. मग लक्षात आलं, प्रत्येक नोंद म्हणजे चारच प्रश्नांची उत्तरं, ठरलेल्या क्रमाने. कोण? कधी? काय? कुठे? प्रत्येक उत्तरानंतर पूर्णविराम.

पुस्तक असेल तर :
होल्ट, जे. (१९६४). हाऊ चिल्ड्रन फेल. पिटमन.

कोण : होल्ट. कधी : १९६४. काय : पुस्तकाचं नाव, तिरप्या अक्षरांत. कुठे : प्रकाशक. सातव्या आवृत्तीत प्रकाशनाचं गाव लिहायचं नाही, फक्त प्रकाशक.

नियतकालिकातला लेख असेल तर :
वुड, डी., ब्रूनर, जे. एस., आणि रॉस, जी. (१९७६). द रोल ऑफ ट्युटरिंग इन प्रॉब्लेम सॉल्व्हिंग. जर्नल ऑफ चाइल्ड सायकॉलॉजी अँड सायकायट्री, १७(२), ८९–१००.

इथे 'कुठे'चं उत्तर लांब आहे : नियतकालिकाचं नाव, खंड १७, कंसात अंक २, मग पानं. तिरपं होतं ते नियतकालिकाचं नाव आणि खंडाचा आकडा. लेखाचं नाव साधंच ठेवायचं. लेखाला डीओआय असेल, म्हणजे कधी न बदलणारा ओळखक्रमांक, तर तो दुव्याच्या रूपात शेवटी द्यायचा आणि त्यापुढे पूर्णविराम द्यायचा नाही.

संस्थाच लेखक असेल तर :
राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषद. (२००५). राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५.

लेखक आणि प्रकाशक एकच असले की प्रकाशक पुन्हा लिहायचा नाही. पाठ्यपुस्तकांचंही तसंच. बालभारतीच्या पुस्तकात 'कोण'च्या जागी मंडळाचं पूर्ण नाव येतं. आतल्या पानावर प्रथमावृत्ती आणि पुनर्मुद्रण अशी दोन वर्षं दिसतात. आपण घ्यायचं ते आवृत्तीचं वर्ष. पुनर्मुद्रण म्हणजे तेच पुस्तक पुन्हा छापलेलं.

शासन निर्णयासाठी एपीएमध्ये आपल्याकडचा तयार साचा नाही, पण चार प्रश्न इथेही पुरतात. कोण : विभागाचं नाव. कधी : पूर्ण दिनांक. काय : शासन निर्णयाचा विषय आणि कंसात निर्णय क्रमांक. कुठे : महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळाचा दुवा. निर्णयाच्या शेवटी जो लांबलचक संगणक संकेतांक असतो तोही टिपून ठेवा, संकेतस्थळावर तेवढ्यावरून निर्णय सापडतो.

सूची आडनावाच्या वर्णक्रमाने लावायची, १, २, ३ असे आकडे द्यायचे नाहीत. प्रत्येक नोंदीची पहिली ओळ डाव्या कडेला चिकटून आणि पुढच्या ओळी अर्धा इंच आत. वर्डमध्ये नोंदी निवडून कंट्रोल आणि टी दाबा, आपोआप होतं. स्पेसबार दाबत बसू नका, एक शब्द वाढला की सगळं विस्कटतं.

मराठी नावांचा गोंधळ

हा भाग मला कुठेच एकत्र सापडला नाही, ठेचा खाऊन शिकले.

पहिली ठेच. मी संदर्भ बनवणारं एक ॲप वापरलं. त्यात 'साने गुरुजी' असं भरलं. त्याने 'गुरुजी, सा.' असं छापून दिलं! आणि मी ते तसंच अहवालात डकवलं. त्या बिचाऱ्या यंत्राला काय माहीत, 'गुरुजी' हे आडनाव नाही ते. नियम असा, की पुस्तकावर जे नाव छापलंय तेच द्यायचं. मुखपृष्ठावर 'साने गुरुजी' असेल तर नोंद 'साने गुरुजी.' अशीच, आणि ती 'स' मध्ये. टोपणनावांचंही हेच. केशवसुत म्हणजे केशवसुतच, त्याचे तुकडे करायचे नाहीत.

दुसरी ठेच वर्णक्रमाची. 'क्ष' आणि 'ज्ञ' आपल्या मुळाक्षरांत शेवटी येतात, 'ळ' 'ह' नंतर येतो. संगणकाच्या युनिकोड क्रमात मात्र 'ळ' लगेच 'ल' नंतर आहे, आणि 'क्ष' म्हणजे 'क' ला जोडलेला 'ष', म्हणून तो 'क' मध्ये जाऊन बसतो. संगणकाने क्रम लावून दिला तरी एकदा डोळ्याखालून घाला.

तिसरी, जुन्या पुस्तकांवरचं शके. शके १८५७ असं दिसलं तर त्यात ७८ मिळवा, इसवी सन १९३५ येतं. जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतची तारीख असेल तर ७९ मिळवा.

चौथी, लिपीची. इथे मी इंग्रजी पुस्तकांची नावं देवनागरीत लिहिली आहेत. तुमच्या सूचीत मात्र इंग्रजी पुस्तकाची नोंद मूळ रोमन लिपीत द्या, कारण वाचणारा ते त्याच लिपीत शोधणार. आधी मराठी नोंदी, मग इंग्रजी, असे दोन गट केले तर वर्णक्रमाचा घोळ होत नाही. उलट, निबंधच इंग्रजीत असेल तर मराठी पुस्तकाचं नाव रोमन लिपीत उच्चाराप्रमाणे लिहून पुढे चौकटी कंसात त्याचा इंग्रजी अर्थ द्यायचा.

'तज्ज्ञांच्या मते' : माझ्या पान ३ ची गोष्ट

आता पहिल्या शेऱ्याकडे येते. माझं मूळ वाक्य होतं : "तज्ज्ञांच्या मते बालकास योग्य वेळी आधार देऊन तो हळूहळू काढून घ्यावा." डी.एड.च्या वहीत होतं, तिथून उचललं. शेरा आल्यावर मी घाईने लिहिलं : (वायगोत्स्की, १९७८). सुटले, असं वाटलं.

मग एका मैत्रिणीनं सहज विचारलं, "अगं, वायगोत्स्की तर १९३४ ला गेले. १९७८ कुठून आणलंस?"

शोधत गेले. १९७८ हे 'माइंड इन सोसायटी' या इंग्रजी पुस्तकाचं वर्ष. वायगोत्स्कींच्या रशियन लेखनातून इतरांनी ते संपादित केलेलं. कंसातलं वर्ष आपल्या हातातल्या पुस्तकाचं असतं, विचार सुचल्याचं नसतं. इथवर ठीक. पण मी ते पुस्तक पाहिलंच नव्हतं. मी वाचली होती ती एक गाइड.

आणखी पुढे गेल्यावर कळलं, की मूल एकट्यानं जे करू शकतं आणि मोठ्यांच्या मदतीनं जे करू शकतं यांतल्या अंतराचा विचार वायगोत्स्कींचा. पण 'स्कॅफोल्डिंग', म्हणजे बांधकामाच्या परांचीसारखा तात्पुरता आधार, हा शब्द शिकवण्याच्या संदर्भात रुजला तो वर सांगितलेल्या वुड, ब्रूनर आणि रॉस यांच्या १९७६ च्या लेखातून. त्यांनी तीन, चार आणि पाच वर्षांच्या ३० मुलांना लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचायला दिला होता आणि शिकवणारी व्यक्ती कधी, किती मदत करते ते टिपलं होतं. म्हणजे माझ्या वाक्याचा खरा धनी (वुड व इतर, १९७६) हा होता. इतकी वर्षं मी ते दुसऱ्याच्याच नावावर खपवत होते.

संदर्भ लिहायला बसले म्हणून ही चूक सापडली. 'तज्ज्ञांच्या मते' लिहून पुढे गेले असते तर कधीच सापडली नसती.

मूळ पुस्तक मिळालंच नाही तर? मग खरं सांगायचं. मजकुरात मूळ लेखकाचं नाव आणि आपण प्रत्यक्ष वाचलेल्या पुस्तकाचं नाव, दोन्ही द्यायची : (मूळ लेखक, वर्ष, उद्धृत : वाचलेल्या पुस्तकाचा लेखक, वर्ष). सूचीत मात्र फक्त आपण वाचलेलं पुस्तक. न वाचलेलं पुस्तक सूचीत घालणं म्हणजे न झालेल्या पालकभेटीची नोंद रजिस्टरला करणं.

पानाची मांडणी

- चारही बाजूंना एक इंच समास. बांधणी करायची असेल तर डावीकडे दीड इंच मागतात, विचारून घ्या.
- संपूर्ण मजकुरात दोन ओळींमधलं अंतर दुप्पट, सूचीतही.
- प्रत्येक पानावर उजवीकडे वर पृष्ठक्रमांक. पानाच्या माथ्यावरचं संक्षिप्त शीर्षक सातव्या आवृत्तीत विद्यार्थ्यांच्या निबंधाला लागत नाही.
- मुखपृष्ठावर शीर्षक ठळक अक्षरांत, मग नाव, संस्था, अभ्यासक्रम, मार्गदर्शक, दिनांक. फुलांची नक्षी नको.
- सारांश मागितला असेल तर वेगळ्या पानावर, साधारण २५० शब्दांच्या आत.
- तक्त्याचा क्रमांक ठळक, तक्त्याच्या वर. त्याखालच्या ओळीत शीर्षक तिरपं. उभ्या रेघा मारायच्या नाहीत. खुलासा असेल तर तक्त्याखाली 'टीप'.
- फाँट युनिकोड हवा, म्हणजे मंगल, निर्मला, नोटो यांसारखा. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला अहवाल दुसऱ्याच्या संगणकावर उघडला की नुसती अगम्य चिन्हं दिसतात. देवनागरी तिरपी करून वाचायला त्रास होत असेल तर पुस्तकांची नावं ठळक करा, पण सगळीकडे एकसारखं.

जे छापलेलंच नाही त्याचं काय?

आपल्या कामातलं कितीतरी ज्ञान छापलेलं नसतं. प्रशिक्षणात कुणी बोललं, फोनवर कुणी सांगितलं, शिक्षकांच्या ग्रुपवर आलं. वाचणाऱ्याला जे शोधून सापडणार नाही, त्याला एपीएमध्ये 'वैयक्तिक संवाद' म्हणतात. त्याचा संदर्भ फक्त मजकुरात द्यायचा : कंसात त्या व्यक्तीचं नाव, 'वैयक्तिक संवाद' हे शब्द आणि दिनांक. सूचीत त्याची नोंद करायची नाही, कारण सूची असते शोधून काढण्यासाठी. नाव छापण्याआधी त्या व्यक्तीची परवानगी घ्यावी हे सांगायला नकोच.

व्हॉट्सॲपवर फिरत आलेला निनावी मजकूर मात्र संदर्भ म्हणून धरू नका. मूळ लेख सापडला तर तो द्या, नाही सापडला तर सोडून द्या. आणि तुमच्या संशोधनातल्या मुलांची वाक्यं ही तुमची माहिती आहे, तिला असा संदर्भ लागत नाही. मुलांची खरी नावं मात्र लिहू नका. 'विद्यार्थी क' पुरेसं आहे.

आता माझ्या तिसऱ्या शेऱ्याकडे. पान ६ वर मी लिहिलं होतं, "संशोधकाने पुढील पद्धत अवलंबली." पद्धत अशी : वर्गात एक मूल बँक होतं. हातचा घ्यायची वेळ आली की वजाबाकी करणाऱ्या मुलानं उठून बँकेत जायचं, दहाची खेळण्यातली नोट द्यायची, दहा सुटी नाणी मोजून घ्यायची आणि मोठ्यानं म्हणायचं, "एक दशक मोडला, दहा सुटे आले." मगच पाटीवर लिहायचं. मुलांना हातचा 'दिसायला' लागला तो यामुळेच.

ही पद्धत माझी नव्हती. माझ्या पहिल्या शाळेतल्या मोठ्या बाईंची होती. त्या निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. अहवाल लिहिल्यावर मी कौतुकानं त्यांनाही एक प्रत नेऊन दिली होती. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला आणि म्हणाल्या, "छान लिहिलंयस गं." एवढंच. पान ६ त्यांनी वाचलं होतं.

मी चोरी करायला बसले नव्हते. पण 'संशोधकाने अवलंबली' या वाक्यात बाई कुठेच नव्हत्या. त्यांनी आयुष्यभर शिकवलं, पण कुठे छापलं काहीच नाही. त्यांच्या नावाचा कागदावरचा पहिला उल्लेख माझ्या हातून व्हायचा होता आणि मी तो गाळला होता.

परत त्यांच्याकडे गेले, परवानगी मागितली. "माझं नाव कशाला गं त्यात?" असं म्हणाल्या, पण आडनावाचं ऱ्हस्व-दीर्घ नीट सांगितलं. नव्या अहवालात पान ६ वर कंसात त्यांचं नाव आहे, पुढे 'वैयक्तिक संवाद' आणि त्या भेटीचा दिनांक.

पालकांसाठी आणि छोट्यांसाठी

पालकहो, मुलांच्या प्रकल्पवहीत शेवटी 'संदर्भ : इंटरनेट, गुगल' असं लिहिलेलं तुम्ही पाहिलं असेल. ते म्हणजे 'भाजी कुठून आणली?' या प्रश्नाला 'रस्त्यावरून' असं उत्तर देण्यासारखं आहे. चौथीच्या मुलाला एपीए शिकवायची काही गरज नाही. चार प्रश्न पुरेत. कोणी लिहिलं? कधी? नाव काय? कुठे सापडलं? आजोबांनी सांगितलं असेल तर 'आजोबांनी सांगितले' आणि तारीख. माझ्या वर्गात हे सुरू केल्यापासून एका मुलीनं प्रकल्पाखाली लिहिलं, "आजीने सांगितले, रविवारी, चुलीपाशी." याहून चांगला संदर्भ मी तरी वाचलेला नाही.

पाठवण्याआधी

अहवालाची छापील प्रत घ्या आणि एक पेन्सिल. मजकुरात कंसात नाव दिसलं की सूचीतल्या त्याच नोंदीवर टिक करा. शेवटी दोन गोष्टी बघा. मजकुरात आहे पण सूचीत नाही, असं काही राहिलं का? वैयक्तिक संवाद सोडून तसं काही राहायला नको. आणि सूचीत टिक न झालेली नोंद आहे का? असेल तर ती काढून टाका. वर्षं आणि आडनावांचं शुद्धलेखन दोन्हीकडे एकच हवं.

मग एकदा पूर्ण अहवाल वाचा आणि प्रत्येक महत्त्वाच्या वाक्यापाशी थांबून मुलांना विचारतो तोच प्रश्न स्वतःला विचारा : कोण कोणास म्हणाले? उत्तर 'मी' असेल तर निर्धास्त पुढे जा. दुसरं कुणी असेल, तर त्या माणसाचं नाव तिथे हवं. पुस्तक लिहिलेल्याचं, आणि न लिहिलेल्याचंही.